गाडी बुडावी असं आपल्याला का वाटतं?

आल्फ्रेड हिचकॉकच्या 1960 सालच्या 'सायको'मध्ये एक प्रसंग आहे. आडरस्त्यावरच्या एका मोटेलात एका तरुणीचा खून झालाय. मोटेल चालवणारा नॉर्मन नावाचा लाजराबुजरा पोरगा न्हाणीघर पुसून लख्ख करतो, प्रेत तिच्याच गाडीच्या डिकीत ठेवतो आणि गाडी मागच्या दलदलीत ढकलून देतो. गाडी हळूहळू आत जाऊ लागते, आणि बरीचशी बुडाल्यावर अडकते. नॉर्मन घाबरून इकडेतिकडे बघतो. त्या काही सेकंदांत बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट येते: बुड ना लवकर! मग गाडी गडप होते, त्याचा जीव भांड्यात पडतो आणि आपलाही.

हे विचित्र आहे. जिचं प्रेत त्या डिकीत आहे, तिच्याबरोबर आपण सिनेमाचा सगळा पहिला भाग काढलेला असतो. तीही तशी गुन्हेगारच. ऑफिसने बँकेत भरायला दिलेले 40,000 डॉलर घेऊन ती पळालेली होती, आणि वाटेत पोलिसाने तिची चौकशी केली तेव्हा धडधड आपल्याच छातीत झाली होती. ती मेल्यावर काही मिनिटांत आपण तिला सोडून पुरावा लपवणाऱ्या पोराच्या गोटात जातो. आपली निष्ठा इतकी कच्ची?

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, की माणसाला मुळातच वाईटाची ओढ असते. हे उत्तर मला आळशी वाटतं. वाईटाचीच ओढ असती तर कुठल्याही क्रूर कृत्याचं नुसतं वर्णन पुरलं असतं. पण बातमीतला चोर आपण दोन ओळींत विसरतो आणि नाटकातल्या चोराची काळजी दोन तास वाहतो. दोघांनी केलेली चोरी सारखीच असेल, फरक एवढाच की एकाच्या डोळ्यांनी आपल्याला काहीतरी बघायला मिळालं. त्यामुळे गुन्ह्याच्या ओढीपेक्षा या उसन्या डोळ्यांच्या ओढीचा विचार करणं जास्त उपयोगाचं आहे.

काम अर्धवट राहिलेला माणूस

सगळ्यात साधं कारण आधी. गोष्ट ऐकताना आपलं मन आधी हे विचारतं, की याला काय करायचंय आणि ते होईल का? याचं बरोबर की चूक, हा प्रश्न मागाहून येतो. समोर कुणी कुलूप उघडायचा प्रयत्न करत असेल, जिन्यावर पावलं वाजत असतील आणि किल्ली लागत नसेल, तर ते घर कुणाचं हे माहीत असूनही आपण किल्लीच्या बाजूने असतो. दलदलीतल्या गाडीचं तेच होतं. एक काम सुरू झालंय, ते अडलंय, आणि ते पार पडावं असं वाटायला आपल्याला नीतीची परवानगी लागत नाही.

चित्रपटांचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 मध्ये यासाठी एक उपयोगी भेद मांडला. पात्राच्या सोबत असणं वेगळं आणि पात्राच्या बाजूने असणं वेगळं. सोबत म्हणजे आपण त्याच्याबरोबर फिरतो, त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, त्याला जे कळतं तेवढंच आपल्याला कळतं. बाजूने असणं म्हणजे त्याला तोलून, तो बरा माणूस आहे असं ठरवणं. पहिल्यातून दुसरं आपोआप येत नाही. पण पहिलं फार वेळ चाललं तर दुसऱ्याकडे पाय घसरतो, आणि गुन्हेगाराची गोष्ट सांगणारे बहुतेक कलावंत या घसरगुंडीवरच काम करत असतात.

यातला अर्धा मुद्दा थॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने 1823 मध्येच सांगून ठेवला होता. 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून झाल्यावर दारावर ठोठावण्याचा आवाज येतो आणि अंगावर काटा येतो, तो का, यावर त्याने एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की मरणाऱ्याची भीती सगळ्या जिवांमध्ये सारखीच असते. जीव वाचवायची धडपड किडामुंगीही करते. तिथे नाटककाराला सांगण्यासारखं फारसं नाही. मारणाऱ्याच्या मनात मात्र महत्त्वाकांक्षा, मत्सर, द्वेष यांचं वादळ उठलेलं असतं, म्हणून कवीने आपल्याला तिथे न्यायला हवं. तिथे जाणं म्हणजे त्याला काय वाटतंय ते कळणं, त्याची कीव किंवा भलामण करणं नव्हे, हेही त्याने बजावून ठेवलं. मरणाऱ्याबद्दलचं त्याचं मत मला मान्य नाही. त्याकडे पुढे येऊच.

शर्विलकाचं भगदाड

उसन्या डोळ्यांची गंमत बघायची तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला तिसरा अंक वाचावा. शर्विलक नावाचा ब्राह्मण रात्री नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घरात चोरी करायला येतो. त्याचं मदनिकेवर प्रेम आहे. ती वसंतसेना या गणिकेची दासी, आणि तिला सोडवायला पैसे हवेत. पण शूद्रक आपल्याला त्याच्या प्रेमात फार वेळ गुंतवत नाही. तो आपल्याला भिंतीसमोर उभं करतो.

मग सुरू होतं चौर्यशास्त्राचं व्याख्यान. शर्विलक आधी भिंत कुठे ओलीने मऊ झालीय ते चाचपतो. कनकशक्ती नावाच्या आचार्यांनी घर फोडायचे चार प्रकार सांगितलेत, असं तो आठवतो: भाजलेल्या विटा असतील तर उपसून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची भिंत असेल तर पाणी मारायचं, लाकूड असेल तर फोडायचं. इथे विटा भाजलेल्या आहेत. मग भगदाडाचा आकार कोणता? उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, तळं, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे पर्याय आहेत, आणि भाजलेल्या विटांना पूर्णकुंभ शोभून दिसेल. उद्या गावातले लोक बघून थक्क झाले पाहिजेत! मोजायची दोरी घरीच राहिलीय, हे त्याच्या नंतर लक्षात येतं. हरकत नाही, गळ्यात जानवं आहे. आमच्यासारख्या ब्राह्मणाला जानवं म्हणजे केवढी उपयोगी वस्तू, असं म्हणून तो यादीच देतो: भिंत मोजायला, दागिने अडकवून ओढायला, दाराची खिटी काढायला, साप चावला तर बांधायला. पुढच्याच क्षणी त्याच्या बोटाला साप चावतो आणि तो जानवं खरंच बांधतो.

हे वाचताना चोरी चालू आहे याचा आपल्याला विसर पडत नाही. पण एक माणूस स्वतःच्या कामात किती बुडालाय, हे बघण्याचा आनंद त्याहून मोठा होतो. कौशल्य बघायला आपल्याला आवडतं, आणि ते लपूनछपून करायचं असेल तर जास्तच, कारण एरवी ते कुणालाच बघायला मिळत नाही. दरोड्याची आखणी, नकली नोटांचा कागद, खोटी सही गिरवायची रीत यांच्यावर गोष्टी सांगणारे तासन् तास रेंगाळतात ते यासाठीच.

शूद्रक एवढ्यावर थांबत नाही. आत शिरल्यावर शर्विलकाला मृदंग, वीणा, बासऱ्या, पोथ्या दिसतात आणि कळतं की घर मोठं असलं तरी मालक कफल्लक आहे. तो परत जायला निघतो, तेवढ्यात झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय दागिन्यांचं गाठोडं आपणहून त्याच्या हातात ठेवतो. जाग आल्यावर चारुदत्त काय करतो? भिंतीतलं भगदाड बघून त्याच्या रेखीवपणाचं कौतुक करतो. वर त्याला हळहळ वाटते, की बिचारा एवढ्या आशेने आला आणि रिकाम्या हाताने गेला असेल. ज्याचं घर फुटलं तोच पहिला रसिक. दागिने गेले हे कळल्यावर तर त्याला क्षणभर बरंच वाटतं, आणि मग ते आपले नव्हते, वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिले होते, हे आठवून तो कोसळतो. आपण भगदाडाच्या नक्षीत रमलो होतो, त्याची किंमत आता समोर येते. प्रेक्षकाला आधी मोहात पाडायचं आणि नंतर बिल पुढे करायचं, हे याहून सफाईने केलेलं मला फारसं आठवत नाही.

स्वतःला पटवायची कला

आता आतल्या बाजूला. मानसशास्त्रात एक जुनं निरीक्षण आहे, त्याला ली रॉस यांनी 1977 मध्ये नाव दिलं: दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा कमी धरतो. दुसरा उशिरा आला तर तो बेजबाबदार. आपल्याला उशीर झाला तर वाहतूक होती, फोन आला होता, रात्री झोप नव्हती. आपली परिस्थिती आपल्याला आतून माहीत असते, दुसऱ्याची नसते.

गुन्हेगाराच्या तोंडून आलेली गोष्ट नेमकी ही फट बुजवते. त्याची वाहतूक, त्याचा फोन, त्याची झोप आपल्याला कळते, आणि 'राक्षस' म्हणून बाजूला ठेवलेला माणूस एकेक पायरी उतरत इथवर आलेला दिसतो. त्या पायऱ्या आपल्या ओळखीच्या निघतात. ओढ बसते ती इथे, आणि धाकधूकही इथेच.

पायऱ्या म्हणजे काय? ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये बालगुन्हेगारांच्या संदर्भात एक गोष्ट मांडली. नियम मोडणाऱ्याला नियम मान्यच नसतो, असं नाही. बहुतेकदा त्याला तो मान्य असतो, फक्त या वेळेपुरता बाजूला ठेवायला तो कारण तयार करतो. त्यांनी पाच कारणं नोंदवली. माझ्या हातात नव्हतं. कुणाचं फार नुकसान झालं नाही. त्याला तेच पाहिजे होतं. मला बोलणारे कोण लागून गेले? आणि पाचवं, मी हे माझ्या माणसांसाठी केलं.

गुन्हेगाराची कुठलीही गाजलेली गोष्ट घ्या आणि ही पाच वाक्यं शोधा. सापडतीलच. टोळीचा म्हातारा म्होरक्या 'कुटुंबासाठी' म्हणतो तेव्हा तो पाचवं कारण वापरत असतो. या पाचव्या कारणाची सगळ्यात कडक तपासणी आपल्याकडच्या एका जुन्या कथेत आहे. वाल्या वाटमारी करतो ती घरच्यांसाठी. नारद त्याला एवढंच सांगतो: घरी जा आणि विचार, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी का? तो जातो, विचारतो, आणि सगळे हात वर करतात. 'मी तुमच्यासाठी केलं' म्हणणारी असंख्य पात्रं नंतर येऊन गेली, पण घरी जाऊन असं सरळ विचारायची हिंमत त्यांच्यातल्या फार थोड्यांनी दाखवली. विचारलं तर गोष्ट तिथेच संपेल, ही लेखकांचीही भीती असावी.

निवेदक स्वतःच गुन्हेगार असेल तर हे पटवणं वाचकावर चालू होतं. व्लादिमिर नाबोकॉव्हच्या 'लोलिता'चा (1955) निवेदक कोठडीतून लिहितो आणि वाचकांना ज्यूरी म्हणून साद घालतो. भाषा इतकी देखणी की तो एका लहान मुलीवर अत्याचार करतोय, हे वाचणाऱ्याला पुन्हा पुन्हा स्वतःला बजावावं लागतं. तिचं नाव डोलोरेस. 'लोलिता' हे त्याने तिला दिलेलं नाव, आणि पुस्तकावर तेच आहे. अशा निवेदकाला भरवशाचा नसलेला निवेदक म्हणायची पद्धत वेन बूथ यांच्या 1961 च्या पुस्तकामुळे रूढ झाली. त्याला वाचणं म्हणजे त्याच्या वाक्यांच्या मागे डोकावून, तो काय सांगत नाहीये ते शोधणं. हे काम अवघड असतं आणि त्यात मजा असते. वाचक एकाच वेळी फसतही असतो आणि चोर पकडतही असतो.

दोस्तोयेव्स्कीने 'गुन्हा आणि शिक्षा' (1866) आधी खुन्याच्या कबुलीजबाबासारखी 'मी'च्या तोंडून लिहायला घेतली होती. मग त्याने ती मोडून तृतीयपुरुषी निवेदनात लिहिली, पण निवेदकाला त्या खुन्याच्या, रास्कोलनिकोव्हच्या, खांद्यापासून फारसं दूर जाऊ दिलं नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. माणूस पूर्ण आतून दिसतो, तरी त्याची वकिली त्याच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

दूरून बघायची सोय

हे सगळं आपण खऱ्या आयुष्यात का करत नाही? कारण तिथे धोका असतो. खऱ्या खुन्याच्या मनात शिरायला गेलं तर तो खरंच समोर असतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की ज्या गोष्टी प्रत्यक्षात बघवत नाहीत, म्हणजे प्रेतं किंवा किळसवाणे प्राणी, त्यांचं हुबेहूब चित्र मात्र आपण आनंदाने बघतो. आपल्या रसविचारात भट्टनायकाने यालाच साधारणीकरण म्हटलं. रंगभूमीवरचा क्रोध किंवा भय 'याचं' किंवा 'माझं' राहत नाही, मालकी सुटते आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. नाट्यशास्त्रात रौद्र, भयानक आणि बीभत्स हे शृंगाराच्या पंगतीला बसलेत, ते उगीच नाही.

2020 मध्ये रिबेका क्राउझ आणि डेरेक रकर यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच्याशी जुळणारी एक गोष्ट दिसली. आपल्याशी साम्य असलेला खलनायक लोकांना जास्त भावतो, पण तो काल्पनिक असेल तेव्हा. प्रत्यक्षातला वाईट माणूस आपल्यासारखा निघाला तर ते साम्य खुपतं. गोष्टीच्या आडोशाने स्वतःचा काळा कोपरा बघता येतो, बदनामी न होता.

अर्थात ही सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही. प्लेटोने लिऑन्टिअसची गोष्ट सांगितलीय. अथेन्सच्या तटाबाहेरून चालताना त्याला जल्लादाजवळ पडलेली प्रेतं दिसतात. बघावंसं वाटतं आणि स्वतःची किळसही येते. तोंड झाकून तो थोडा वेळ झगडतो, मग डोळे फाडून धावत जातो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या घालतो: घ्या, बघून घ्या हे सुंदर दृश्य! नाटकात मालकी सुटते. लिऑन्टिअसपुढची प्रेतं खरी होती, म्हणून तो स्वतःवर चिडला. खऱ्या गुन्ह्यांवरच्या मालिका एकामागून एक बघणाऱ्याला ही चिडचिड कधीमधी ओळखीची वाटेल.

शेवटच्या पाच मिनिटांची शिक्षा

माणसं यामुळे बिघडतात का, हा प्रश्न जुना आहे. जॅक शेपर्ड हा लंडनचा चोर तुरुंगातून चार वेळा निसटला आणि 1724 मध्ये फासावर गेला. 1839 मध्ये त्याच्यावर आलेली कादंबरी आणि तिची नाटकं तुफान चालली. 1840 मध्ये एका नोकराने आपल्या मालकाचा, लॉर्ड विल्यम रसेल यांचा खून केला आणि ही कल्पना त्या गोष्टीवरून सुचली असं त्याने सांगितल्याचं छापून आलं. मग गदारोळ झाला, आणि शेपर्डच्या नावाच्या नव्या नाटकांना परवानगी मिळेनाशी झाली. पकडलेल्या माणसाने 'पुस्तकाने करायला लावलं' म्हणणं, हे वरच्या पाचातलं पहिलं कारण आहे, हे तेव्हा फारसं कुणी लक्षात घेतलं नाही.

हॉलिवूडने 1930 मध्ये एक आचारसंहिता केली आणि 1934 पासून ती कडकपणे लागू झाली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या, पापाच्या बाजूला कधीही वळू नये, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. निर्मात्यांनी त्यावर सोपा उपाय केला: दीड तास गुंडाला झकपक सुटात मिरवू द्यायचं आणि शेवटी गोळी घालायची. नियम पाळला गेला. पण सहानुभूती शेवटावर ठरत नाही. कॅमेरा किती वेळ कुणाबरोबर फिरतो यावर ती ठरते, आणि तो वेळ तर गुंडाच्याच वाट्याला गेलेला असतो. 1968 मध्ये ती संहिता जाऊन वयानुसार श्रेणी आल्या.

आजच्या कथा आणखी एक युक्ती वापरतात, तीही सांगून टाकतो. आपल्या गुन्हेगाराशेजारी त्याच्याहून वाईट माणूस उभा करायचा. आपला खुनी निदान मुलांना हात लावत नाही. आपला चोर गरिबाला लुटत नाही. तो दुसरा आला की पहिला लगेच सज्जन दिसू लागतो. तोच खून, तीच चोरी, फक्त मोजपट्टी बदललेली. एखादी मालिका बघताना 'पण याची काही तत्त्वं आहेत' असं मनात आलं, तर त्या तत्त्वांची सोय कुणी करून ठेवलीय ते बघावं.

डी क्विन्सीशी माझं भांडण याच जागी आहे. मरणाऱ्याच्या मनात सांगण्यासारखं काही नसतं, हे त्याने गृहीत धरलं आणि पुढच्या अनेकांनी ते आयतं उचललं. त्यामुळे मारणाऱ्याला बालपण मिळतं, विनोद मिळतो, आवडतं संगीत मिळतं, आणि मेलेल्याला जमिनीवर खडूची रेघ. खऱ्या गुन्ह्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न पैशांपर्यंत जातो. 1977 मध्ये न्यू यॉर्क राज्याने कायदा केला, की गुन्हेगाराने आपल्या गुन्ह्याची गोष्ट विकून मिळवलेले पैसे पीडितांसाठी राखून ठेवावेत. हेतू चांगला होता. पण 1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण त्याची व्याप्ती फार मोठी होती. स्वतःच्या गुन्ह्याचा ओझरता उल्लेख असलेलं कुठलंही पुस्तक त्यात अडकलं असतं. न्यायालयाने दिलेल्या उदाहरणांत संत ऑगस्टीन यांचं 'कबुली' हे आत्मकथन होतं, कारण त्यात नाशपातीच्या चोरीची हकिगत आहे.

सन 400 च्या सुमारास लिहिलेली ती हकिगत या सगळ्यात वेगळी उठून दिसते. सोळा वर्षांचा ऑगस्टीन रात्री मित्रांबरोबर शेजारच्या झाडावरून नाशपाती तोडतो. भूक नव्हती, आणि घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बरीचशी त्यांनी डुकरांना टाकली. प्रौढ ऑगस्टीन पानंच्या पानं शोधत राहतो की मी हे का केलं. परिस्थिती, नुकसान, दुसऱ्याची चूक, काहीच हाताशी येत नाही. करायचं नव्हतं म्हणून केलं, असं तो म्हणतो, आणि मग थोडं पुढे जाऊन जोडतो, की एकटा असतो तर केलं नसतं. हेही कारण पुरेसं नाही, हे त्याला कळतं, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागतो.